मेंदूच्या रक्तवाहिनीत तातडीचा स्टेंट: आप्पांच्या आजारपणाचा अनुभव

१२ फेब्रुवारी २०२५ ला माझ्या वडिलांना, आप्पांना, मेंदूच्या डाव्या बाजूचा मोठा स्ट्रोक झाला. गुठळी काढली तरी रक्तवाहिनी पुन्हा पुन्हा मिटत होती, म्हणून डॉक्टरांनी त्याच टेबलावर आत स्टेंट बसवला. हृदयातल्या स्टेंटबद्दल आपल्याकडे घरोघरी माहिती असते. ओळखीत कोणी ना कोणी 'अँजिओ' करून आलेलं असतं. मेंदूतल्या स्टेंटचं तसं नाही. त्या दिवशी फोन करून विचारावं असं माझ्या ओळखीत एकही माणूस नव्हतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आप्पा ६६ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. सातारा–स्वारगेट मार्गावर त्यांची निम्मी नोकरी गेली. बीपी आणि शुगर दोन्ही होतं, गोळ्या चालू होत्या, तंबाखू मात्र सुटली नव्हती. कोरेगाव तालुक्यातल्या गावी ते, आई आणि माझा मोठा भाऊ असे राहतात. मी पुण्यात नोकरीला. स्ट्रोकच्या आठवडाभर आधी जेवताना त्यांच्या उजव्या हातातून घास गळून पडला होता आणि दहा मिनिटं हात जड झाला होता. मग सगळं पूर्ववत झालं, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. आम्हाला हे कळलं ते बऱ्याच नंतर, त्यांना बोलता यायला लागल्यावर. अशा येऊन जाणाऱ्या झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात आणि तो झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मोठ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो. हात आपोआप बरा झाला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

त्या बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आप्पांनी दूधवाल्याकडून दूध घेतलं, महिन्याच्या हिशोबावरून त्याच्याशी दोन शब्द बोलले. साडेसहाला आई चहा घेऊन आली तेव्हा ते खुर्चीत उजवीकडे कलंडले होते. तोंड वाकडं, उजवा हात लुळा आणि बोलायला जावं तर घशातून नुसता आवाज. दादाने शेजारच्यांची गाडी काढली. गल्लीतल्या एका आजोबांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, आणखी कोणी मालिश करणाऱ्याचा पत्ता दिला. माणसं आपुलकीनेच सांगत असतात, पण लकव्याच्या बाबतीत या सल्ल्यांपायी आजही कितीतरी जणांचा पहिला तास हातचा जातो. आईने कोणाचं ऐकून घेतलं नाही. आप्पांच्या गोळ्यांची पिशवी आणि आधार कार्ड तिने दादाच्या हातात दिलं आणि गाडी निघाली. तिच्या या दोन गोष्टींचा दिवसभर उपयोग झाला.

साताऱ्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "शेवटचं नीट कधी पाहिलं?" किती वाजता लक्षात आलं, हे त्यांना नको असतं. माणूस शेवटचा धडधाकट कधी होता, तिथून घड्याळ सुरू होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर रात्री झोपण्याची वेळ धरतात आणि मग गणित अवघड होतं. दूधवाल्यामुळे आमच्याकडे सहा वाजून दहा मिनिटं असं पक्कं उत्तर होतं.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. आठ वाजून पाच मिनिटांनी टेनेक्टेप्लेजचं इंजेक्शन दिलं. ते वजनावर ठरतं, किलोमागे पाव मिलीग्रॅम. आप्पा ६८ किलोचे, म्हणजे १७ मिलीग्रॅम. लगेच सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी, केली तेव्हा डाव्या बाजूची मधली मोठी रक्तवाहिनी सुरुवातीलाच बंद दिसली. इतकी मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने विरघळेलच असं नसतं. जांघेतून तार घालून ती ओढून काढावी लागते आणि त्यासाठी चोवीस तास चालणारी कॅथलॅब आणि हे काम येणारे डॉक्टर लागतात. या उपचाराचा फायदा २०१५ साली एकापाठोपाठ आलेल्या पाच अभ्यासांनी सिद्ध केला. २०१८ पासून निवडक रुग्णांमध्ये तो चोवीस तासांपर्यंतही करतात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून पुण्यातलं रुग्णालय ठरवलं आणि स्कॅनच्या फिल्म मोबाइलवरून पुढे पाठवल्या. सीडी आणि रिपोर्टची प्रतही दादाच्या हातात दिली. ती मागून घ्याच.

कार्डिॲक ॲम्ब्युलन्सचे साडेनऊ हजार रुपये झाले, सोबत डॉक्टर होते. गाडी पावणेनऊला निघाली. गळिताचा हंगाम चालू होता, खंबाटकीच्या बोगद्याआधी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी ते पुण्यात पोचले. तोवर मी कॅज्युअल्टीत जाऊन आप्पांच्या नावाचा केसपेपर काढला होता, कार्डावर एक लाखाचं डिपॉझिट भरलं होतं आणि ऑफिसच्या विम्याचा नंबर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्यांच्या, खिडकीत दिला होता. शहरात कोणी नातेवाईक किंवा मित्र असेल तर त्याला आधी पुढे पाठवा. रुग्ण आल्यावर तो थेट आत जातो, कागदांसाठी दारात थांबावं लागत नाही.

पुन्हा एक झटपट सीटी झाली. इंजेक्शनने रक्तवाहिनी उघडली नव्हती. पण मेंदूचा बराच भाग अजून वाचण्यासारखा होता. न्यूरो इंटरव्हेन्शन करणाऱ्या डॉक्टरांनी गुठळी काढण्याच्या संमतीपत्रावर माझी सही घेतली आणि पावणेबाराला आप्पा कॅथलॅबमध्ये गेले. बाहेर लोखंडी खुर्च्या आणि वर लाल दिवा. दादा आणि मी एकमेकांशी काही बोललो नाही.

पाऊण एकच्या सुमारास डॉक्टर शिशाच्या एप्रनसकट बाहेर आले. "ताई, दोघंही आत या, स्क्रीनवर दाखवतो," म्हणाले.

काचेच्या अलीकडच्या खोलीत त्यांनी ओळीने तीन चित्रं दाखवली. पहिल्यात रक्तवाहिनी मध्येच कापल्यासारखी संपली होती, पुढे पांढरा कागद. दुसऱ्यात गुठळी ओढून काढल्यानंतर पुढचं सगळं झाड भरून आलं होतं, पण खोडाच्या मध्यावर जेमतेम केसाएवढी रेघ होती. तिसरं दहा मिनिटांनंतरचं, पुन्हा पहिल्यासारखं. पुन्हा गुठळी काढून पाहिली तरी तेच झालं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं. "हृदयातून आलेली गुठळी असती तर एकदा काढली की काम झालं असतं. इथे रक्तवाहिनीतच चरबीचा जुना थर आहे. तो फुटलाय आणि त्याच्यावर नवीन गुठळी धरतीये. आपल्याकडच्या रुग्णांत हे बरंच दिसतं. आता दोन मार्ग आहेत. इथे थांबायचं आणि औषधांवर सोडायचं. किंवा फुगा फुगवून आत स्टेंट ठेवायचा."

मी विचारलं, "स्टेंट ठेवण्यात धोका किती?"

ते खाली बसले. मला त्यांचं हे बसणं फार महत्त्वाचं वाटलं. त्यांनी तीन धोके सांगितले. पहिला रक्तस्रावाचा. स्टेंट उघडा राहायचा तर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या पेशी, चिकटू नयेत म्हणून जोरदार औषधं लगेच सुरू करावी लागतात आणि आप्पांना सकाळीच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेलं होतं. दोन्हींचा परिणाम एकत्र झाला तर मेंदूत रक्त उतरू शकतं. दुसरा धोका रक्तवाहिनी चिरण्याचा किंवा फुटण्याचा. मेंदूच्या आतली ही रक्तवाहिनी अडीच-तीन मिलिमीटरची, हृदयाच्या रक्तवाहिनीपेक्षा भिंत पातळ, भोवती आधाराला स्नायू नाही, नुसतं पाणी. तिसरा धोका मी कधीच ऐकला नव्हता. हमरस्त्यावरून जशा गल्ल्या फुटतात तशा याच रक्तवाहिनीला अगदी बारीक फांद्या फुटतात आणि हातापायाची ताकद वाहून नेणाऱ्या खोल भागाला त्या रक्त पुरवतात. स्टेंट फुलताना चरबीचा थर बाजूला दाबला जातो आणि या गल्ल्यांची तोंडं बुजू शकतात.

"आणि नाही ठेवला तर?" दादाने विचारलं.

"तर ही वाहिनी आत्ता बंद आहे, बंदच राहील. त्यांना पुढून रक्त देणारे आडरस्ते थोडे आहेत, पण ते फार तास पुरणार नाहीत. बोलणं आणि उजवी बाजू जाईल. मेंदूला मोठी सूज आली तर जिवावरही बेतू शकतं."

मी आणखी दोन प्रश्न विचारले. तुम्ही हे याआधी केलंय का आणि रात्री काही झालं तर इथे कोण असेल? त्यांनी दोन्हींची सरळ उत्तरं दिली. वरिष्ठ न्यूरोसर्जन इमारतीतच होते, सीटी चोवीस तास चालू होती. गावाकडे आईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर समोर आहेत, तुम्ही दोघं समोर आहात. तुम्हीच ठरवा." दुसऱ्या संमतीपत्रावर दादाने आणि मी दोघांनी सही केली. पुढे घरात कोणी कोणाला बोल लावू नये म्हणून दोघांची सही असलेली बरी, असं दादाच म्हणाला.

हे सगळं बोलणं पाच-सात मिनिटांत आटोपलं. नंतर कोणी मला विचारतं, की एवढा मोठा निर्णय इतक्या घाईत कसा घेतला? तर स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेला आहे. दुसरं मत घ्यायला तिथे जागाच नसते. जे विचारायचं ते समोरच्या डॉक्टरांना, तिथेच विचारायचं.

आत काय केलं ते डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. आधी शिरेतून टिरोफिबॅन सुरू केलं. प्लेटलेट रोखणारं हे औषध लगेच लागू पडतं आणि थांबवल्यावर काही तासांत उतरतं, म्हणून अशा वेळी सोयीचं. नाकातल्या नळीतून ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर या प्लेटलेट रोखणाऱ्या दोन गोळ्या दिल्या. मग रक्तवाहिनीपेक्षा थोडा लहान फुगा घेऊन तो अगदी सावकाश फुगवला आणि त्यानंतर आपोआप उमलणारा जाळीचा स्टेंट ठेवला. पुढे वीस मिनिटं थांबून पुन्हा चित्र घेतलं, वाहिनी उघडी होती. टेबलावरच स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिलं आणि दोन वाजून दहा मिनिटांनी आप्पांना आयसीयूत हलवलं.

माझा समज होता की धोका कॅथलॅबमध्येच असतो, बाहेर आलो की सुटलो. पण पुढचे दोन-तीन दिवस जास्त कठीण गेले. बीपी वरचं १२० ते १४० च्या मध्ये ठेवायला सांगितलं होतं. जास्त झालं तर नुकत्याच उघडलेल्या भागात रक्तस्राव होऊ शकतो, फार कमी झालं तर मेंदूला रक्त पुरत नाही आणि स्टेंटही मिटू शकतो. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी डोळ्यांत टॉर्च मारायच्या, हात दाबून बघायच्या, जांघेतली जागा तपासायच्या. रात्री अडीच वाजता मी काचेतून पाहिलं तेव्हाही त्या त्याच निष्ठेने ते करत होत्या.

१३ तारखेला दुपारी चोवीस तासांची सीटी झाली. रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, "खोल भागात एक पांढरा डाग दिसतोय. रक्त असू शकतं किंवा काल रक्तवाहिनी स्क्रीनवर दिसावी म्हणून वापरलेलं कॉन्ट्रास्ट औषध तिथे मुरलेलं असू शकतं. दोन्ही सीटीत पांढरंच दिसतं." आता पेच असा, की रक्त असेल तर गोळ्या थांबवायला हव्यात आणि गोळ्या थांबवल्या तर स्टेंट बंद होऊ शकतो. तातडीच्या स्टेंटच्या सुरक्षिततेचा खरा कस इथे लागतो, असं मला आता वाटतं. डॉक्टरांनी टिरोफिबॅनची ड्रिप थांबवली, दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या, बीपीची मर्यादा आणखी कडक केली आणि डोक्यावर प्रोब ठेवून डॉपलरने स्टेंटमधून रक्त वाहतंय याची खात्री करून घेतली. १४ तारखेच्या सीटीत डाग फिकट झाला होता. रक्त इतक्या लवकर विरत नाही, कॉन्ट्रास्ट विरतं. तुमच्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये असा डाग आला तर घाबरून जाण्याआधी 'हे रक्त की कॉन्ट्रास्ट?' हे जरूर विचारा आणि पुढची सीटी कधी करणार तेही विचारून ठेवा.

उजवा पाय तिसऱ्या दिवशी हलला. हात नाही. गिळताना पाणी श्वासनलिकेत जाईल म्हणून नाकातली नळी बरेच दिवस ठेवावी लागली. नातेवाईक प्रेमाने चमचाभर चहा पाजायला जातात, तो मोह पूर्ण टाळा. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडातून काही द्यायचं नाही. आप्पांच्या शेजारच्या खाटेवरच्या काकांना त्यातूनच न्यूमोनिया झाला होता.

पैशांचं आणि कागदांचं सांगते. माझ्या ऑफिसच्या विम्यात आई-वडील धरून पाच लाखांचं संरक्षण होतं. पहिली मंजुरी गुठळी काढण्यापुरती आली. स्टेंट आधी ठरलेला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी १५ तारखेला शंका काढून पत्र आलं: आधीच्या अंदाजपत्रकात नसलेलं उपकरण का वापरलं? मी घाबरले होते, पण टीपीएच्या खिडकीतल्या मुलाने नेमकं काय लागेल ते सांगितलं. प्रक्रियेची सविस्तर नोंद, स्टेंट का लागला याबद्दल डॉक्टरांचं सहीचं पत्र, स्टेंटच्या पाकिटावरचं लॉट नंबर असलेलं स्टिकर आणि त्याची पावती. हे स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेलं असतं, त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. दुसरी गोष्ट खोलीच्या भाड्याची. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर काही पॉलिसींत बिलातल्या इतर बाबीही त्याच प्रमाणात कापतात. आम्ही आयसीयूतून थेट जनरल वॉर्डात गेलो.

एकूण बिल ८ लाख ६२ हजार झालं. त्यात गुठळी काढण्याचं साहित्य आणि स्टेंट यांचाच मोठा वाटा होता. विम्यातून ४ लाख ७१ हजार मिळाले, उरलेले दादाने पतसंस्थेतून आणि मी बचतीतून भरले. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी दाखल होताच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षातल्या आरोग्यमित्राला भेटावं. आधार आणि रेशन कार्ड लागतं आणि नेमका कुठला उपचार कितीपर्यंत बसतो ते तोच सांगू शकतो. आमच्या वॉर्डातल्या एका कुटुंबाने मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज केला होता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि खाटेवरच्या रुग्णाचा जिओ टॅग फोटो अशी त्यांची धावपळ चालली होती. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात विचारायला संकोच करू नका, तो हक्क आहे.

२५ फेब्रुवारीला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डासोबत स्टेंटचं कार्ड मिळालं. ते लॅमिनेट करून आप्पांच्या पाकिटात ठेवलंय. एमआरआय करण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला हे कार्ड दाखवावं लागतं, कारण कोणत्या यंत्रात चालेल ते स्टेंटच्या प्रकारावर असतं. गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, "एकादशी असो, प्रवास असो, दाताचं काम असो, या दोन गोळ्या मला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत." अचानक बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी परस्पर आणायची नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पोटात रक्तस्राव वाढू शकतो. काळी शौच, न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक जोराची डोकेदुखी, यांपैकी काही झालं तर थेट रुग्णालय. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणायच्या, कारण टिकाग्रेलॉर गावातल्या दुकानात मिळत नाही.

मार्चमध्ये रात्री आप्पा झोपले की मी वाचायला बसायचे. एका मैत्रिणीची बहीण न्यूरॉलॉजी शिकते, तिने अवघड भाग समजावून दिले. जे वाचलं त्याने पहिल्यांदा पोटात गोळाच आला. सॅमप्रिस नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासात मेंदूतली रक्तवाहिनी अरुंद झालेल्या ४५१ रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांसोबत स्टेंट आणि निम्म्यांना नुसती कडक औषधं दिली होती. तीस दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के आणि औषधवाल्यांत ५.८ टक्के निघालं. २०११ साली नवीन रुग्ण घेणं मध्येच थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यात वापरलेल्या स्टेंटवर मर्यादा घातल्या, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या सात दिवसांत तो वापरू नये असंही म्हटलं. आणि आमच्या आप्पांना तर सात तासांत स्टेंट बसला होता, त्या प्रकारचा नसला तरी.

मैत्रिणीच्या बहिणीने समजावलं, की सॅमप्रिसमधल्या लोकांची रक्तवाहिनी अरुंद होती, पण वाहती होती. त्यांना औषधांवर थांबायला वेळ होता. आप्पांची पूर्ण बंद होती. त्यांच्यासाठी जवळचा अभ्यास चीनमधला, २०२४ साली आलेला एंजल रीबूट. त्यात गुठळी काढून न भागलेले किंवा वाहिनी फार अरुंद राहिलेले ३४८ रुग्ण होते. निम्म्यांना फुगा किंवा स्टेंट, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. नव्वद दिवसांनी स्वावलंबनाच्या मोजमापात दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. मेंदूतला त्रासदायक रक्तस्राव मात्र फुगा-स्टेंटच्या गटात ५ टक्के, दुसऱ्यात १ टक्का. रक्तवाहिनी चिरण्याचं प्रमाण १४ विरुद्ध ३ टक्के. त्याआधी रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या बऱ्याच पाहण्यांत असा स्टेंट बसवलेल्यांचं बरं चाललेलं दिसलं होतं, पण त्यांत डॉक्टरांनीच निवडून रुग्ण घेतलेले असतात, त्यामुळे तुलना सरळ होत नाही.

हे आकडे मी लपवत नाही, कारण मला वाटतं की हा निर्णय घ्यावा लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ते माहीत असावेत. आप्पांचं चांगलं झालं म्हणून स्टेंट सुरक्षित, असं मी कोणाला सांगणार नाही. वाहिनी थोडी तरी वाहती राहत असेल तर थांबणंच शहाणपणाचं असू शकतं. डोळ्यांसमोर ती पुन्हा पुन्हा मिटत असेल, मेंदूचा मोठा भाग अजून जिवंत असेल आणि आधीच रक्तस्राव नसेल, तर डॉक्टर स्टेंटचा विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी आधी फक्त गुठळी काढून पाहिली, थांबून पाहिलं, मग स्टेंटचं नाव काढलं. तो क्रम मला आज जास्त पटतो. कोणी धोका न सांगता 'काळजी करू नका, स्टेंट टाकून देतो' म्हणालं असतं तर मी आणखी दहा प्रश्न विचारले असते.

बोलणं परतायला वेळ लागला. महिनाभर प्रत्येक प्रश्नाला 'हो' हेच उत्तर. वाचोपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं, की पाठ असलेली ओळ आधी परत येते. वार, अंक, आरती असं काहीतरी. वार जमेनात. मग दादाने एकदा "सातारा" म्हटलं आणि आप्पा पुढे बोलू लागले, "लिंब, पाचवड, भुईंज, सुरूर..." खंडाळ्यापाशी अडकले, पुन्हा सुरुवात केली, शिरवळपर्यंत गेले. ताईंनी तोच धागा धरला. कुठे कोण उतरतं, तिकीट किती, सुट्टे आहेत का. एप्रिलअखेर ते लहान वाक्यं बोलायला लागले. फिजिओथेरपीला घरी येणाऱ्यांचे एका वेळचे ५०० रुपये पडत. पहिले तीन महिने ते सगळ्यात कामी आले, तिथे काटकसर करू नये.

एक अनपेक्षित अडचण बँकेत आली. उजव्या हाताची सही बदलली, त्यामुळे पेन्शनचे पैसे निघेनात. शाखेत चौकशी केली तर अंगठ्याचा ठसा चालतो असं कळलं. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा अधिकारी. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज दिला, तेव्हा एक अधिकारी स्वतः घरी येऊन ठसा घेऊन गेले. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हे काम पहिल्याच महिन्यात उरकावं.

ऑगस्टमध्ये सहा महिन्यांची अँजिओग्राफी झाली, यावेळी मनगटातून. एका दिवसात घरी. स्टेंट उघडा आहे, आत थोडा थर धरलाय पण प्रवाहाला अडथळा नाही. आता दोनऐवजी एकच प्लेटलेटची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी कायम, शुगर-बीपीची वही रोज भरायची. ती वही आप्पा स्वतः डाव्या हाताने भरतात. तंबाखू सुटली आहे. चालायला काठी लागत नाही, उजव्या हाताची बोटं अजून बारीक कामाला साथ देत नाहीत, सदऱ्याची बटणं आई लावते. पुढची तपासणी फेब्रुवारी २०२६ मध्ये ठरली, तेव्हा सीटी अँजिओच पुरेल असं डॉक्टर म्हणाले.